राइड संपली

"बाई उतरल्याच नव्हत्या!"

दार ढकलून आत आलेल्या ड्रायव्हरचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, 'आत येऊ का' नाही. टॅक्सी कंपनीच्या त्या गारठलेल्या खोलीत टेबलाच्या अलीकडे उजवा हात गळ्यात बांधलेल्या टेलरबाई आणि त्यांची नणंद, पलीकडे क्लेम बघणारे साहेब. तिघंही दचकले. नणंद तर खुर्चीतून उठलीच.

तोवर साहेबांनी प्रकरण जवळजवळ मिटवलं होतं. अपघात झाला तो राइड संपल्यावर, ॲपमध्ये तसं दिसतंय. राइड संपली की कंपनीचा विमाही संपला. पुढे बाई आणि ड्रायव्हर आपसात ठरवून कुठे निघाले असतील, तर त्याला कंपनी काय करणार? मनगटाचं दुसरं ऑपरेशन झालं नाही तर या हातात पुन्हा कात्री धरता येणार नाही, हे बाईंनी परोपरीने सांगून झालं होतं. साहेबांना वाईट वाटत होतं. वाईट वाटायला त्यांचं काही जात नव्हतं.

"उतरल्या नव्हत्या, तर मग राइड संपली कशी?" साहेबांनी विचारलं.

"मी संपवली." ड्रायव्हर उभाच होता. "बाईंच्या गल्लीत रेंज नाही. आत शिरलो की पुढचं भाडं दुसरा पळवतो. म्हणून आम्ही सगळेच वळणाआधी बटण दाबतो आणि मग माणसाला दारात नेऊन सोडतो. त्या दिवशी बटण दाबलं, वळतोय न वळतोय तोच समोरून टेम्पो."

"हे लिहून दिलंत तर तुमचा आयडी बंद होईल. कल्पना आहे ना?"

"आहे की. घर चालतं त्याच्यावर, म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो." तो टेबलाजवळ सरकला. "पण साहेब, मी 'संपली' म्हटलं म्हणून त्या काही गाडीतून उतरल्या नव्हत्या."

"ऐका! नीट कान देऊन ऐका!" नणंदेने टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा ग्लास आडवा झाला. "जन्मात कधी वहिनीची बाजू घेतली नाही मी. आज घेतेय. बोला आता!"

साहेब ओल्या बाह्या झटकत फोन घेऊन बाहेर गेले. काचेपलीकडे त्यांचे हातवारे दिसत होते. बाई दुखरं मनगट सांभाळत काचेकडे बघत होत्या. साहेब परत आले, बसले, त्यांनी उगाच पेन उचलून खाली ठेवलं.

"ऑपरेशनचा खर्च मिळेल. काम बुडालं त्याची भरपाईसुद्धा. आजच लेखी देतो."

नणंदेने वहिनीला कडकडून मिठी मारली.

"अगं, हात! माझा हात!" बाई ओरडल्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लिफ्टमध्ये नणंदेचा आनंद गगनात मावत नव्हता. "हात बरा झाला की पहिला ब्लाउज माझा. आणि शिलाई मागायची नाही, सांगून ठेवते."

"आजवर कधी दिलीस?"

खाली ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "चला ताई, सोडतो घरी," तो म्हणाला. आयडी बंद झाल्याचा मेसेज जिना उतरतानाच आला होता, हे त्याने जाता जाता सांगून टाकलं.

नणंदेची बडबड वाटभर चालू होती. वळण आलं. ड्रायव्हरचा अंगठा सवयीने उठला, समोरच्या काळ्या स्क्रीनवर टेकला, क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने हात परत स्टिअरिंगवर आणला आणि गाडी अगदी हळू गल्लीत घेतली.

गाडी दारात थांबली.

"आलं घर, ताई," तो म्हणाला. "आता खरंच संपली."

"तुमच्या आयडीचं काही ठरल्याशिवाय नाही संपली," म्हणत बाई उतरल्याच नाहीत.