सूर्यफुलाच्या बिया

"तुम्हीच मारलंत त्याला!" पिंजऱ्यात मरून पडलेला पोपट बघून सून सासऱ्यांवर कडाडली. ती पक्ष्यांची डॉक्टर, पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवायची. "कितीदा सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया चारू नका, लिव्हर सडतं."

"कधीच सोडल्या त्या. तुझंच ते डब्यातलं खाणं घालत होतो, त्यानंच मेला असेल."

"चोराच्या उलट्या बोंबा! चला कॉलेजात. तुमच्यासमोर कापते."

सासरेही इरेला पेटले आणि कॉलेजात चिरफाडीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"बघा रे," सून विद्यार्थ्यांना म्हणाली, "घरचीच माणसं लाडानं कसा जीव घेतात ते."

तिनं पोट उघडलं. एकही बी निघाली नाही. लिव्हर ठणठणीत होतं. फुप्फुसं मात्र रक्तानं भरून गेली होती.

"मॅडम, हे तर तुम्हीच शिकवलंय," पुढची मुलगी उत्साहानं म्हणाली. "नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला, की त्याच्या वाफेनं पक्षी मरतो."

"शाबास, पोरी," सासरे म्हणाले. "आता तुझ्या मॅडमना विचार, आज सकाळी आमच्या घरात तवा कोण विसरलं होतं."