साहेबाच्या बैलाला आवतण

उकंडरावांनी पळसाचं पान लोण्यात बुडवलं, त्यावर हळद घेतली आणि बैलाच्या खांद्यावरून फिरवलं. पोळा उद्यावर आला होता.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते म्हणाले.

बैलाने मान वळवली नाही. सकाळी घातलेली सरकीची ढेप गव्हाणीत तशीच होती. शेजारी बांधलेला घरचा ढवळ्या कडबा ओढत होता; हा मात्र दाराकडे तोंड करून उभा. मलकापूरच्या कापूस कंपनीतल्या साहेबाने विलायतेला जाताना विकलेला हा बैल. धामणगाव बढ्याला आल्यापासून दोन-चार घास खायचा. आता तेही बंद झाले होते. बरगड्या दिसू लागल्या होत्या.

"स्वराज्य आलं तरी तुया बैल इंग्रजच हाये काय बे, उकंड्या?" कुडापलीकडून अर्जुनराव ओरडले.

"हाव. तू ये त्याले मराठी शिकवाले. तुलेच कुठं धड येते!" उकंडरावांनी उत्तर दिलं, पण हसले नाहीत.

"हासन्यावारी नेऊ नका," झुंबरबाई नवऱ्याला म्हणाल्या. "एकडाव खाली बसला तं उठाचा नाई तो."

तेवढ्यात भगवंतराव आले. साहेबाची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, तेच हाकायचे. झुंबरबाईंनी निरोप धाडून त्यांना मलकापुरातून बोलावलं होतं. साहेबाच्या वेळचा खाकी कोट अजून अंगात होता, बटणं तेवढी गेली होती.

गोठ्याच्या दारातूनच ते हलकेच म्हणाले, "कम."

बैलाचे कान उभे राहिले.

"काय म्हनलं तुमी त्याले?" झुंबरबाईंनी विचारलं.

"ये म्हनलं. साहेबापाशी याच्यासाठी एवढाच शब्द होता. पानी दाखवाचं तरी कम, जुपाचं तरी कम. रागावला की दोनदा, कम कम. दमणी चिखलात फसली की खाली उतरे, चाकाले खांदा लावे अन् म्हने, कम ऑन." भगवंतरावांनी आत येऊन बैलाच्या कपाळावर हात ठेवला. "जायच्या दिवशी ठेसनावर याच्या पाठीवर असाच हात ठेवला. तोंडातून सवयीनं तेच निघालं. कम. अन् सोता डब्यात चढला. हा निघाला ना बाई त्याच्या मागं! मीच कासरा ओढला."

"बोलावलं, अन् नेलं नाई," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याच्या हातातलं पान घेतलं. "सांजच्याला घरी आनाचं तं काय म्हने साहेब?"

"कम होम."

झुंबरबाईंना मराठी अक्षरही वाचता येत नव्हतं. त्यांनी ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिले. मग बैलाच्या खांद्याला लोणी चोळत, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "कम होम, बाबा. आता हेच घर हाये. उद्या जेवाले या."

बैलाने त्यांचा हात हुंगला. लोण्याची बोटं चाटली. मग सावकाश मान खाली घातली, आणि गव्हाणीतून ढेप चावल्याचा आवाज येऊ लागला. उकंडराव खांबाला टेकून तिथंच खाली बसले.

भगवंतरावांनी पायात जोडे घातले. "येतो, बाई. उजेड हाये तोवर रस्ता कापतो."

"उद्या पोळा कुठं करता?"

भगवंतरावांचा हात कोटावर गेला, बटणांच्या जागी फिरला. "आता बैल कुठं हाये मले?"

ते अंगण ओलांडून बाहेर पडले.

झुंबरबाईंनी मागून हाक दिली, "कम!"

गोठ्यात बैलाने गव्हाणीतून मान वर काढली. तोवर रस्त्यावरून भगवंतराव माघारी वळलेही होते.