आत्याच्या गुळण्या

पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बाया जमल्या, आणि बाळाची आत्या साखराबाई अजून न्हाणीत गुळण्याच करून राहिली होती.

नाव साखरेचं, पण तिनं तोंड उघडलं की दारातलं कुत्रं उठून पलीकडच्या आळीला निजायला जायचं, असं अहमदपुरात सांगतात. लातूरच्या एसटीत तिच्या शेजारची जागा दिवाळीच्या गर्दीतही रिकामी. माणसं उभ्यानं जायची. तिला हे ठाऊक होतं. बोलायची ती पदराआडून, हसायची ती भिंतीकडं बघून. दुपारी बाया ओसरीवर बसून एकमेकींची वेणी घालायच्या. साखराबाई आपली आपणच घालायची.

पण बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच, अन् बाळाच्या बापाची, दयानंदाची, ती एकुलती बहीण. भावजय ऋतुजानं आठवड्यापूर्वी हळूच विषय काढला होता, की चुलत नणंद पुनमनं सांगितलं तर चालंल का, लेकरू नाजूक हाय. साखराबाईनं पदर आणखी वर ओढला. दयानंदच म्हणाला, मान आक्काचा. मग ऋतुजानं औषधाच्या दुकानातून निळी बाटली आणली. वास जातो, दातावरचं कीटही जातं म्हणाली. शेजारच्या भामाबाईनं नाक मुरडलं. असलं पाणी नीळ म्हणून धोतराला घालावं म्हणाली, अन् बाभळीची साल, निंबाचा पाला, लवंग टाकून काढा उकळून दिला. तो इतका कडू, की परसातला निंब म्हणे वासानंच वाकडा झाला.

साखराबाईनं कुणालाच दुखवलं नाही. सकाळी निळं, संध्याकाळी हिरवं. आज दोन्ही. अन् पोरवयापासून कमरेला असलेली मिसरीची डबी कुणाला न सांगता चुलीत घातली.

ती आली तशा बाया सवयीनं सरकल्या. ती पाळण्यावर वाकली, पण तोंडावरचा पदर काही सुटेना. ऋतुजानं श्वास रोखून मान जवळ नेली. मग जरासा घेऊन बघितला. अजून एक घेतला. वास पुदिन्याचा म्हणावा का लवंगेचा, तिला ठरवता येईना.

"टेका की तोंड कानाला," ती म्हणाली. "इतक्या दुरून लेकराला काय ऐकू येणार?"

साखराबाईनं पदर सोडला. गालाला गाल लागला. कुर्रर्र झालं, सत्यम नाव झालं. अन् रीतीप्रमाणं साऱ्या बायांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. गुण बाटलीचा का काढ्याचा, हे भांडणही त्यातच सुरू झालं.

बुक्के थांबले. साखराबाई वाकलेलीच.

"लागलं का वो, आक्का?" ऋतुजानं विचारलं.

"न्हाई," पाळण्यातून आवाज आला. "लई हळू मारून राहिल्या. अजून मारा की."