तीन भोकं

शहाद्याचा फोटोग्राफर ललित वीस वर्षं नवरदेवांना 'मान वर, जरा हसा' सांगून विटला होता. आजवर कोणीच कॅमेरा लावला नाही अशा जागेवरून रानपिंगळा हे दुर्मिळ घुबड टिपायचं आणि स्पर्धा जिंकून लग्नांतून सुटायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस.

तोरणमाळच्या जंगलात, ओढ्याकाठी, त्याने जागा हेरली. तिथे ओल्या मातीत ट्रायपॉडच्या पायांची तीन भोकं आधीच होती.

"आठे कोन उनं व्हतं, भाऊ?"

"इकडे कोण येतं?" वाटाड्या सुरुपसिंग म्हणाला. "तुम्ही आणलं म्हणून मी आलो."

ललितने दुसरी जागा धरली. तिथेही तीन भोकं. मग त्याने डोळे मिटले, जागच्या जागी गिरक्या घेतल्या आणि झुडपात ट्रायपॉड टेकवला. तिन्ही पाय तयार भोकांत अलगद बसले.

"आते ती जागा," घाम पुसत त्याने समोरच्या कोऱ्या मातीकडे बोट दाखवलं.

दोघांच्या देखत तिथे एक भोक पडलं. मग दुसरं. मग तिसरं.

"मान वर, जरा हसा," तिथून ललितचाच आवाज आला.

ललितचं तोंड तर बंद होतं. शेजारी सुरुपसिंगने निमूट मान वर केली.