पत्ता चुकलेली फाइल

पुन्हा तेच. टॅबवर अक्षरांची पाटी उमटली, पिवळा उजेड 'अ'वर येऊन बसला आणि तिथेच ठाण मांडून राहिला.

"फाइल सापडली नाही," लॅपटॉपवरची लाल ओळ तिने मोठ्याने वाचली. "सापडत कशी नाही? डोळ्यांसमोर तर पडलीय!"

"एक वाजला," दादा दारातून म्हणाला. "डॉक्टर चारला येतायत. मी कागद भरून ठेवलेत. सही तेवढी राहिलीय."

कागद शुश्रूषागृहाचे होते. तिथे गेलेला माणूस सहसा परत येत नसे.

खिडकीशी पलंगावर बाबा पडून होते. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. सात आठवड्यांपूर्वी झटका आला. वाचा गेली, अंग लुळं पडलं, मानही वळेना. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. हात दाबा म्हटलं तर ते दाबत नव्हते, डोळे मिटा म्हटलं तर मिटत नव्हते. डॉक्टरांचं मत पडलं की त्यांना काही उमगत नाही. आज शेवटची तपासणी. उमगतंय असं दिसलं तर उपचार केंद्रात जागा, नाहीतर शुश्रूषागृह.

तिचं म्हणणं वेगळं होतं. "त्यांना सगळं कळतं, दादा. माझ्याशी अबोला धरलाय."

"आणि माझ्याशी? डॉक्टरांशी?"

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. झटक्याच्या आदल्या संध्याकाळी याच दारात उभं राहून ती ओरडली होती, 'तुम्ही मेलात तरी या घरात पाऊल ठेवणार नाही!' कारण काय, तर त्यांनी वारलेल्या आईचं कपाट तिला न विचारता रिकामं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला.

गेल्या आठवड्यात तिने त्यांच्या बोटाखाली एक बटण ठेवलं होतं. ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणे. हवं ते आलं की त्यांनी बटण दाबायचं. तिचा घसा बसला, पण बोट हललं नाही. मग नोकरीतलं कसब पणाला लावून तिने ही पाटी केली. उजेड अक्षरांवरून सरकणार, बटण दाबलं की अक्षर खाली लिहिलं जाणार. पाटी आली, बटणही जोडलं गेलं. उजेड हलवणारी फाइल मात्र पाटीला सापडत नव्हती.

लॅपटॉपवर पाटीचं पान नुसतं उघडलं की सगळं सुरळीत चाले. टॅबवर न्यायचं, तर लॅपटॉपमधल्या छोट्या सर्व्हरमार्फत न्यावं लागे, आणि तिथेच घोडं अडत होतं.

तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला.

"फाइलचा पत्ता काय दिलायस?"

"पूर्ण. ड्राइव्हच्या नावापासून."

"अगं, तो पत्ता तुझ्या लॅपटॉपपुरता. सर्व्हरला त्याच्या फोल्डरपासूनचा पत्ता हवा."

तिने पत्ता बदलला. उजेड ढिम्म. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कशाला आलो ते विसरून परत आली. फाइलचं नाव तपासलं, फोल्डरचं तपासलं. दादा कागदांची चळत पुन्हापुन्हा सारखी करत होता.

"माझ्यावरचा राग माझ्यावर काढा ना, बाबा," कीबोर्डवरून मान वर न करता ती म्हणाली. "चुकले मी. तेव्हा जे बोलले ते खरं नव्हतं. ऐकताय ना?"

बाबा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. बोट गप्प.

तेवढ्यात त्यांच्या उशीशी ठेवलेला तिचा फोन कर्कश वाजला. दादा दचकला, त्याच्या हातून कागद सांडले. बाबा तिच्याकडेच बघत राहिले.

"सर्व्हर कुठल्या फोल्डरमधून सुरू केलायस?" मैत्रिणीने विचारलं.

तिने पाहिलं. "एक पायरी वरून!"

"आणि पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ आहे. म्हणजे तो वरच्या मजल्यावर शोधतोय आणि तुझी फाइल खालच्या. रेघ काढ."

रेघ काढली. लॅपटॉपवर उजेड सरकला. टॅबवर नाही. घड्याळात पावणेचार.

"टॅब जुनीच प्रत दाखवत असेल. साठवलेलं पुसून टाक."

तिने पुसलं, पान नव्याने उघडलं. उजेड 'अ'वरून 'आ'वर गेला, 'आ'वरून 'इ'वर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने टॅब बाबांच्या डोळ्यांसमोर धरला, त्यांचं बोट आपल्या बोटाने दाबून एक अक्षर लिहून दाखवलं आणि पुसलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. नव्या लिफ्टची पेटी उघडताना पडायची तशी.

डॉक्टर बरोबर चारला आले. पलंगाशी वाकून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "मिस्त्री, तुमचं नाव सांगा बघू."

उजेड नावाच्या पहिल्या अक्षरावरून निघून गेला. बोट हललं नाही. दादाने कागद पुढे केले, खिशातून पेन काढलं.

"थांब," ती म्हणाली.

उजेड पुन्हा पहिल्या ओळीवर आला. सरकत सरकत 'ऐ'वर पोचला आणि बटण खटकन वाजलं. उजेड खालच्या ओळीत उतरला. 'क'. खटकन.

"ऐक," दादाने वाचलं. "तुलाच काहीतरी सुनावणार बघ."

"सुनावू दे." तिने त्यांचा हात घट्ट धरला. "ऐकतेय मी, बाबा. काय हवं ते बोला. सात आठवडे मीच बोलतेय, तुम्ही निमूट ऐकून घेताय. आता तुम्ही बोला."

बोट थांबलं नाही. उजेड फिरत राहिला, एकेक अक्षर, एकेक मात्रा चिकटत गेली, आणि डॉक्टरांनी पुढे वाकून पाटीवरची ओळ वाचली:

"ऐकू येत नाही. लिहून दाखव."