चिमणीचा टोप

खातं बंद झाल्याचा निरोप टोपवालीनं चौथ्यांदा वाचला, तरी शब्द तेच राहिले. तुमच्या पेजवरची छायाचित्रं नियमात बसत नाहीत. दाद मागायची असेल तर अर्ज भरा, उत्तर तीस दिवसांत मिळेल.

समोर टेबलावर लाकडी डोक्याला चढवलेला टोप तयार होता. कमरेपर्यंत पोचणारी वेणी. उपचारांत केस गळणार म्हणून एका बाईनं ते आधीच कापून कुरिअरनं पाठवले होते. जाळीत एकेक केस ओवत तिनं सात आठवडे खपून त्यांचा टोप केला होता. तो शनिवारी सकाळी घरपोच द्यायचं ठरलं होतं. आज गुरुवार होता.

द्यायचा कुठे? पत्ता आणि फोन नंबर पेजवरच्या संदेशांत. केस आलेलं खोकं कधीच कचऱ्यात गेलेलं. त्या बाईचं पेजवरचं टोपणनाव तेवढं तिला ठाऊक होतं, चिमणी. फोटोच्या जागी एक फूल. उपचार याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात चालले होते. आणि शनिवारी चिमणीची आई येणार होती. आईला आजाराचं काही सांगितलेलं नाही, ती हाय खाईल, असं चिमणीनं लिहिलं होतं.

आठ वर्षांपूर्वी टोपवालीनं धंदा सुरू केला तेव्हा जिन्यापाशी पाटी होती, रुग्णालयातल्या नर्सबाईंकडे कार्डं होती, गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली जाडजूड वही होती. मग पेज जोरात चाललं, अकरा हजार माणसं जोडली गेली. इमारतीला रंग देताना पाटी उतरली ती उतरलीच. कार्डं संपली, पुन्हा छापली नाहीत. निदान नंबर तरी वहीत उतरवून ठेव, असं नवरा दोनदा म्हणाला होता. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

दुपारी ती रुग्णालयात गेली. खिडकीवरच्या माणसानं रुग्णांची नावं सांगायला साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. ओळखीची एक नर्स मात्र तिला बघून चकित झाली. म्हणाली, तुम्ही काम सोडलंत असंच आम्ही धरून चाललो होतो. विचारायला येणाऱ्या बायकांना तसंच सांगत होतो.

तिथल्याच बाकावर बसून तिनं कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, की चिमणी, तुमच्या लांब वेणीचा टोप तयार आहे, माझं पेज बंद पडलंय, फोन करा किंवा या. खाली पत्ता आणि नंबर. नर्सनं स्वतः तो कागद फलकावर लावला.

शुक्रवारी फोन सात वेळा वाजला. सातही वेळा तिचा जीव वरखाली झाला. सगळ्या रुग्णालयातल्या बाकांवर ताटकळणाऱ्या बायका होत्या, टोप करून मिळेल का विचारणाऱ्या. पेज एकीनंही पाहिलेलं नव्हतं. तिनं प्रत्येकीचा नंबर वहीत लिहून घेतला. चिमणीचा फोन नव्हताच. कदाचित या आठवड्यात तिला रुग्णालयात यायचंच नसेल. कदाचित पेज गायब झालेलं बघून तिची खात्री पटली असेल, की बाईनं केस घेऊन पोबारा केला. हा विचार आला आणि हातातली सुई खाली राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक म्हातारी उभी होती. हातात फलकावरचा तो कागद, नीट घडी घातलेला.

"चिमणी माझी मुलगी," ती म्हणाली.

टोपवालीनं दार पूर्ण उघडलं. जिच्यापासून लपवायचं, नेमकं तिलाच आपण भिंतीवर लिहून कळवलं होतं. काहीतरी सारवासारव करायला तिनं तोंड उघडलं, तोवर म्हातारी टेबलापाशी पोचलीही होती. वेणीतली एक भुरी बट तिनं अंगठ्यानं अलगद वेगळी केली. ही जन्मापासूनची, असं पुटपुटली आणि खुर्चीवर बसली.

मग शांतपणे तिनं सगळं सांगितलं. मुलगी दोन महिने फोनचा कॅमेरा बिघडल्याची सबब सांगत होती. शेवटी मुलीच्या शेजारणीला फोन करून तिनं खरं काढून घेतलं. बुधवारीच इथे येऊन लॉजवर उतरली आणि डॉक्टरांना परस्पर भेटली. उतार आहे म्हणतात. मी आज पुन्हा गेले होते, तेव्हा भिंतीवर लेकीचं घरातलं नाव दिसलं. मोबाइलवरचं मला काही उघडता येत नाही, ती म्हणाली, भिंतीवरचं वाचता येतं.

तिनं मुलीचा पत्ता आणि नंबर वहीत लिहून दिला. आपल्याबद्दल लेकीपाशी अवाक्षर काढायचं नाही, एवढंच बजावलं.

टोपवालीनं टोप खोक्यात ठेवला. उशीर नको म्हणून तिनं खोकं म्हातारीपुढे केलं. "आई, तुम्हीच घेऊन जाता का?"

म्हातारीनं खोकं हलकेच मागे सारलं.

"मी कशी नेणार? मी उद्या येणार आहे."