वाऱ्यानं नेलेली टोपी
थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याचा, आयझॅकचा, गुडघा दुखत होता; म्हणून तळ्याडोंगरांच्या मुलखातून आठवडाभर पायी फिरायला त्याच्याऐवजी नेली नावाची माझी धाकटी बहीण सोबत आली. वाटाड्या नव्हता. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, म्हणून सोबतच्या छापील पुस्तिकेतली वाट नेलीच वाचायची. पॅटरडेल गावी मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी नेलीला ओळखलं आणि खुंटीवरची लोकरीची टोपी तिच्या हाती दिली. “पोरी, गेल्या उन्हाळ्यात तुझा नवरा विसरला. डोकं तरी विसरू नको म्हणावं!” नेलीचं लग्नच झालं नव्हतं. टोपी मी आयझॅकसाठी विणलेली होती. गेल्या उन्हाळ्यात आपण एकटेच फिरत असताना ती वाऱ्यानं तळ्यात उडवली, असं तो म्हणायचा. “ताई...” नेली पुटपुटली. “दे इकडे,” मी म्हटलं, “त्याला मीच पोचवते.” घरी आल्यावर मी टोपी त्याच्या खुंटीवर अडकवली. त्यानं पाहिली, आणि आपला कोट दुसऱ्या खुंटीवर टांगला. टोपी तिथंच राहिली. पुढच्या मार्चमध्ये, मेंढ्या व्यायच्या दिवसांत आयझॅक वारला, तेव्हाही ती त्याच खुंटीवर होती.